धूर, आम्ल आणि उंची : गंधकनिवारणाच्या काही संहितांचे परीक्षण

जॉन ईव्हलिन ह्याची 'फ्यूमिफ्यूजियम' ही पुस्तिका १६६१ साली लंडन येथे प्रसिद्ध झाली. राजा दुसरा चार्ल्स व पार्लमेंट ह्यांना उद्देशून लिहिलेल्या ह्या पुस्तिकेचा निर्देश वायुप्रदूषणाच्या बहुतेक इतिहासांत पहिल्या दोनचार पानांत येतो, आणि तेथेच तिला नमस्कार करून इतिहासकार पुढे जातो. ज्या ग्रंथाला सर्वजण वंदन करतात तो सहसा वाचला जात नाही, ह्या साहित्यव्यवहारातील जुन्या अनुभवाला हाही ग्रंथ अपवाद नाही. वस्तुतः दगडी कोळशाच्या धुरातील गंधक कमी कसा करावा, ह्या प्रश्नावर गेल्या साडेतीनशे वर्षांत जे कायदे, करार, अहवाल व अधिसूचना लिहिल्या गेल्या, त्यांच्या वाक्यरचनेची घडण ह्या पुस्तिकेत आधीच सिद्ध झालेली दिसते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या लेखनाचे परीक्षण पुष्कळ झाले आहे. कोणते नाम कर्तेपदी बसविले, कोणते क्रियापद वापरले आणि कोणती वस्तू अनामिक ठेवली, ह्या दृष्टीने ते झालेले नाही. आणि उपाय कोणता सुचतो, हे पुष्कळदा ह्या निवडीवरच ठरलेले असते.

प्रथम शीर्षक पाहावे. लॅटिन 'फ्यूमस' म्हणजे धूर. उत्तरपदाच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ पळवून लावणे. ज्वर हटविणाऱ्या औषधाला इंग्रजीत 'फेब्रिफ्यूज' म्हणतात, त्यातील हाच अवयव होय. लॅटिन नावापुढे जे लांबलचक इंग्रजी उपशीर्षक आहे, त्यात लंडनच्या हवेचा व धुराचा उपद्रव पांगविल्याची भाषा आहे. म्हणजे शीर्षकात क्रिया दोन आल्या, पळविणे आणि पांगविणे; रोखणे, वेगळे काढणे किंवा कमी करणे ह्या अर्थाची क्रिया एकही नाही.

हे केवळ शीर्षकापुरते असते तर त्यावर इतका भर देण्याचे कारण नव्हते. परंतु पुस्तिकेतील उपाययोजना ह्याच दोन क्रियापदांचा विस्तार आहे. ईव्हलिनचे निरीक्षण तीक्ष्ण आहे. घरगुती चुलींना तो दोष देत नाही. मद्य गाळणारे, रंगारी, चुनेभट्टीवाले, मीठ व साबण उकळणारे ह्यांच्या थोड्याशा धुराड्यांवर तो नेमके बोट ठेवतो. हा धूर चांदीची भांडी काळवंडवितो, लोखंडी गज खातो आणि कठीण दगडही झिजवितो, आणि ही करणी धुराबरोबर असलेल्या गंधकातील तीक्ष्ण द्रव्याची आहे, हेही त्याने ओळखले आहे. म्हणजे काजळी आणि गंधक हा भेद १६६१ मध्येच नोंदविला गेला होता. परंतु नोंदविलेला भेद उपायापर्यंत पोचत नाही. ते व्यवसाय टेम्स नदीच्या खालच्या बाजूस पाच-सहा मैल दूर न्यावेत आणि शहराभोवती सुगंधी झुडपांची व फुलांची लागवड करावी, असे तो सुचवितो. पुस्तिकेचा पूर्वार्ध संतापलेल्या नागरिकाने लिहिला आहे, उत्तरार्ध बागेचा शौक असलेल्या सरदाराने. आणि दोहोंची सांधजोड झालेली नाही, हा तिच्यातील मोठा वाङ्मयीन दोष होय. आपल्याकडे 'गंधक' हे नाव वासावरूनच पडलेले आहे. दुर्गंधावर सुगंध हा उतारा त्या दृष्टीने तर्काला सोडून नाही. मात्र दगड खाणारे द्रव्य फुलांच्या वासाने थांबत नाही, हे ग्रंथकाराच्याच पूर्वार्धावरून उघड होते.

दोन शतकांनंतर रॉबर्ट अँगस स्मिथ ह्याच्या लेखनात ह्या द्रव्याला निराळे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये १८६३ साली झालेल्या अल्कली कायद्याखाली नेमलेला तो पहिला निरीक्षक. हा कायदा एका विशिष्ट वायूचे, म्हणजे सोडा बनविणाऱ्या कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लवायूचे, नाव घेतो आणि त्याचा ९५ टक्के भाग कारखान्यातच अडविला पाहिजे असे सांगतो. कर्ता निश्चित, कर्म निश्चित, प्रमाण निश्चित. असा विधी ह्या विषयाच्या इतिहासात विरळाच. स्मिथने पुढे १८७२ मध्ये 'एअर अँड रेन' हा ग्रंथ लिहिला. मँचेस्टर व इतर शहरांच्या पावसात आढळणारे आम्ल मुख्यतः कोळशातील गंधकापासून येते, हे त्याने तेथे सविस्तर मांडले आणि 'आम्लवर्षा' ह्या अर्थाची इंग्रजी संज्ञा रूढ केली. एका बाजूस निरीक्षकाचा कायदा आणि दुसऱ्या बाजूस त्याच निरीक्षकाचा ग्रंथ, ह्या दोहोंमधील अंतर मोठे बोधक आहे. कायद्याने ज्याचे नाव घेतले ते द्रव्य अडविले गेले. ग्रंथाने ज्याचे नाव घेतले ते दीर्घकाळ ग्रंथातच राहिले.

त्याचा पुरावा १९५६ चा ब्रिटिश स्वच्छ वायू कायदा. डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या धुरक्यात त्या वेळच्या गणतीप्रमाणे सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढील संशोधनाने हा आकडा १२,००० च्या आसपास नेला. त्या दिवसांत हवेत काजळी होती तसेच सल्फर डायऑक्साइड व त्यापासून झालेले गंधकाम्लही होते. कायदा मात्र धुरावर लिहिला गेला : गडद धूर, काजळी, राख, धूरमुक्त विभाग आणि धुराड्यांची उंची. धूर डोळ्यांना दिसतो, सल्फर डायऑक्साइड दिसत नाही. विधिलेखकाने दिसणाऱ्या नामाला पसंती दिली. ज्ञान किंवा तंत्र नव्हते म्हणून असे झाले, हे म्हणणे टिकत नाही. लंडनच्याच बॅटरसी वीजकेंद्रात १९३० च्या दशकात धूरवायू टेम्सच्या पाण्याने धुऊन त्यातील गंधक काढण्याची व्यवस्था झालेली होती.

उंच धुराड्यांनी ब्रिटिश शहरांतील हवा सुधारली, हे नाकारता येणार नाही. परंतु ईव्हलिनचे पळविणे आणि पांगविणे आता विटा-सिमेंटमध्ये साकार झाले, आणि पळविलेली वस्तू कोठेतरी पोचतेच. १९६७ साली स्वान्ते ओडेन ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने स्टॉकहोमच्या एका दैनिकात लेख लिहून, स्कँडिनेव्हियातील सरोवरे व नद्या आम्लयुक्त होत आहेत आणि ते आम्ल परदेशांतील धुराड्यांतून येत आहे, असे प्रतिपादन केले. त्यातून १९७९ चा जिनीव्हा करार आणि १९८५ चा हेलसिंकी मसुदा जन्मास आला. ह्या मसुद्याचे नावच अभ्यासण्याजोगे आहे. गंधकाचे उत्सर्जन 'अथवा' त्याचा सीमापार प्रवाह निदान ३० टक्क्यांनी कमी करणे, असा त्याचा आशय आहे. १९८० हे आधारवर्ष आणि १९९३ ही मुदत. व्याकरणात 'अथवा' हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. ते दोन समतुल्य पदांना जोडते. येथे मात्र ज्यांना जोडले ती पदे समतुल्य नाहीत. एखाद्या विस्तीर्ण देशाला एकूण गंधक तितकाच ठेवून केवळ सीमेपलीकडे जाणारा भाग घटविता आला, तरी वाक्यार्थाप्रमाणे त्याने करार पाळला असे ठरते. ब्रिटन व अमेरिका ह्यांनी तर एवढ्या सैल वाक्यावरही सही केली नाही.

अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या कायद्यात जी दुरुस्ती केली तिची भाषा ह्याहून कितीतरी चोख आहे, हे मान्य केले पाहिजे. एक टन सल्फर डायऑक्साइड सोडण्याचा एक 'अलाउन्स', असे एकक तीत ठरविले, सर्व वीजकेंद्रांना मिळून त्यांची एकूण संख्या बांधून दिली, आणि त्यांच्या खरेदीविक्रीस मोकळीक ठेवली. ह्या शब्दाचे मराठी भाषांतर करू लागले म्हणजे त्यातील खोच कळते. 'भत्ता' म्हणावे तर तो नोकराला हक्काने मिळतो. 'परवाना' म्हणावे तर तो दिलेल्या माणसाच्या नावावरच राहतो. 'मुभा' म्हणावी तर ती विकता येत नाही. कायद्यानेही ही अडचण जाणून, अलाउन्स म्हणजे मालमत्तेचा हक्क नव्हे, असे स्पष्ट लिहून ठेवले, आणि तरीही त्याचा बाजार भरू दिला. ही विसंगती खरी. परंतु एकूण संख्या बांधलेली असल्यामुळे फळ आले. १९९० मध्ये दीड कोटी टनांच्या वर असलेले तेथील वीजकेंद्रांचे सल्फर डायऑक्साइड २०२० पर्यंत दहा लाख टनांच्या खाली आले. त्यात कमी गंधकाचा पश्चिमेकडील कोळसा आणि पुढे स्वस्त झालेला नैसर्गिक वायू ह्यांचाही वाटा आहे. सारे श्रेय एका शब्दाला देण्याचे कारण नाही.

भारतातील संहितांकडे वळण्यापूर्वी 'आम्लवर्षा' ह्या शब्दाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. मराठी वाचकाला गंधकाच्या धुराची ओळख बहुधा ह्याच शब्दाने होते, आणि त्याला जोडून ताजमहालाचे पिवळे पडणारे संगमरवर येते. ताजमहालाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आग्र्याच्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा किंवा स्थलांतराचा आदेश दिला, त्यामुळे हे उदाहरण रूढ झाले. परंतु हा शब्द मँचेस्टरच्या आणि स्वीडनच्या आकाशातून आलेला आहे. भारताच्या बऱ्याच भागांत हवेत चुनायुक्त मातीची धूळ असते, ती आम्लाला मारते, आणि पाऊस तितका आम्ल होत नाही. परक्या हवामानात घडलेली संज्ञा जशीच्या तशी उचलली की, येथे आम्लवर्षा नाही म्हणजे गंधकाचा उपद्रवही नाही, असे अनुमान काढण्यास वाट मोकळी होते.

उपद्रव आहे, परंतु निराळ्या नावाने. कोळशातील गंधक जळला की वजनाने सुमारे दुप्पट सल्फर डायऑक्साइड होते. अर्धा टक्का गंधक असलेला एक टन कोळसा घेतला, तर त्यातून सुमारे दहा किलो वायू निघतो; थोडासा गंधक राखेत राहतो. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साधारणतः साडेसात हजार टन कोळसा खातो, म्हणजे पाऊणशे टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड एका धुराड्यातून जाते. काही तासांत वा दिवसांत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल होते, शेतीतून व गोठ्यांतून येणाऱ्या अमोनियाशी त्याचा संयोग होतो, आणि अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. अडीच मायक्रॉनांहून बारीक असे हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसांत खोलवर उतरतात. त्यांना गंधकाचा वास नसतो. वासावरून नाव मिळालेले द्रव्य आपले लक्षणच टाकून देते, आणि हवामापनाच्या तक्त्यात त्याची नोंद एका रकान्यातून निघून दुसऱ्या रकान्यात जाते.

७ डिसेंबर २०१५ ची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना ह्या विषयावरील भारतीय संहितांत सर्वांत स्पष्ट होय. २०१६ अखेरपर्यंत बसविलेल्या ५०० मेगावॅटखालील संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, त्याहून मोठ्यांना २००, आणि २०१७ पासून उभारल्या जाणाऱ्या सर्व संचांना १००, अशी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा तीत घातली. मोजमाप धुराड्यातील वायूचे आहे. वायू कोठे जातो आणि कोणाच्या दारी उतरतो ह्याचा विचार मर्यादेत येत नाही. जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत होती. त्यानंतर मुदती एकामागून एक वाढत गेल्या. २०२१ मध्ये केंद्रांचे 'ए', 'बी', 'सी' असे तीन वर्ग पाडण्यात आले, आणि वर्ग ठरविण्याची कसोटी अंतर ही झाली. राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरांच्या आत असलेले ते 'ए'; अतिप्रदूषित क्षेत्रांपासून किंवा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांपासून तितक्याच अंतरात असलेले ते 'बी'; उरलेले 'सी'. पाच-सहा मैल म्हणजे आठ ते साडेनऊ किलोमीटर. ईव्हलिनने टेम्सकाठी आखलेली रेघ आणि ही रेघ ह्यांत फरक फारसा नाही. फरक आहे तो इतकाच की, कणांचा प्रवास किती लांबचा असतो हे १६६१ मध्ये माहीत नव्हते.

जुलै २०२५ च्या अधिसूचनेने 'सी' वर्गातील केंद्रांना, म्हणजे देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक संचांना, सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळे केले, आणि त्याबदली धुराड्याच्या उंचीचा निकष पाळण्याची अट घातली. हा निकष जुना आहे. ५०० मेगावॅट व त्यावरील संचाला २७५ मीटर, २०० ते ५०० च्या दरम्यान २२० मीटर, आणि लहान संचांना एक सूत्र : ताशी निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे किलोग्रॅममधील प्रमाण घ्यावे, त्याचा ०·३ हा घात काढावा आणि त्याला १४ ने गुणावे, जे येईल ती मीटरांतील उंची. गणिती सूत्रही एक वाक्यच असते, आणि त्यातही उद्देश्य-विधेय असतात. ह्या वाक्यात वायूचे प्रमाण हे गृहीत पद आहे आणि उंची हे विधेय. वायू किती असावा ह्याविषयी सूत्र काहीच आज्ञा करीत नाही; तो असेल तितका असो, उंची मात्र इतकी असावी. शिवाय घात ०·३ असल्यामुळे वायू दसपट झाला तरी उंची फक्त दुप्पट करावी लागते. पांगविणे ह्या क्रियापदाचे इतके संक्षिप्त रूप ईव्हलिनलाही साधले नव्हते.

सूट देणाऱ्यांचा पक्ष दुर्बळ नाही, आणि त्याचा विपर्यास करून टीका करणे शास्त्रीय ठरणार नाही. भारतीय कोळशात गंधक कमी असतो. देशातील हवेत सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण बहुतेक ठिकाणी चोवीस तासांच्या ८० मायक्रोग्रॅम ह्या मानकाच्या पुष्कळ खाली असते. गंधक काढण्याच्या यंत्रणेला चुनखडी खणावी व वाहून न्यावी लागते, पाणी व वीज लागते, आणि चुनखडीच्या विक्रियेत कर्बवायूही निघतो. ही सर्व विधाने खरी आहेत. त्यांतील दुसऱ्या विधानावर मात्र सारी भिस्त ठेवता येत नाही. हवेत सल्फर डायऑक्साइड कमी सापडते ह्याचे एक कारण असे की, त्याचे सल्फेट झालेले असते. वस्तूने नाव बदलले म्हणून तिची संख्या घटली असे मानणे, ही भाषिक चूक आहे; ती रसायनशास्त्राच्या अहवालात आली म्हणून शास्त्रीय होत नाही. कमी गंधक हा मुद्दाही टक्केवारीचा आहे. श्वास घेणाऱ्याला टक्केवारी लागत नाही, टन लागतात. आणि दिवसाला पाऊणशे टनांचा जो हिशेब वर आला, तो ह्याच कमी गंधकाच्या कोळशाचा आहे.

ह्या संदर्भात महाराष्ट्रातील एक संहिता अधिक लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. तुर्भे येथील वीजकेंद्राच्या एका संचावर समुद्राच्या पाण्याने धूरवायू धुण्याची यंत्रणा १९८० च्या दशकातच बसली होती. समुद्राच्या पाण्यात जी स्वाभाविक क्षारता असते तिने आम्लवायू शोषला जातो. डहाणूला तेच व्हावे म्हणून मात्र आदेश लागला. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. चिकूच्या वाड्यांच्या त्या मुलखात ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. ह्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये केंद्राला गंधक काढण्याची यंत्रणा बसविण्यास सांगितले. वायू पांगवा, दूर न्या, धुराडे उंच करा, असे नव्हे. अमुक केंद्राने अमुक यंत्रणा बसवावी. मूळच्या कर्तरी वाक्याला पुढे बँकेच्या हमीची जोड द्यावी लागली, आणि यंत्रणा चालू झाली ती २००७ मध्ये. कर्ता व कर्म दोन्ही नेमके असताना आठ वर्षे लागली. जेथे कर्ताच वाक्यातून गळतो, तेथील मुदतींचा हिशेब ह्यावरून करता येईल.

आणि कर्ता गळतो तो पुष्कळदा मराठीतच. इंग्रजी अधिसूचनेत उत्सर्जन करणारा संच निदान तक्त्याच्या एका रकान्यात तरी असतो. मराठी वृत्तलेखनात व पाठ्यपुस्तकांत 'वायू बाहेर पडतो', 'प्रदूषण होते', 'हवेत गंधक मिसळतो' अशी अकर्मक क्रियापदे सरसकट येतात. जणू पाऊस पडतो तसा वायू पडतो. 'सोडणे' हे चांगले सकर्मक क्रियापद भाषेत असताना ते वापरले जात नाही. 'उत्सर्जन' ह्या शब्दाने तर ह्या अकर्तृकतेला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. हा शब्द जीवशास्त्रात शरीराबाहेर मल टाकण्याच्या अनिवार्य क्रियेसाठी योजिलेला आहे. तोच धुराड्याला लावला की धुराड्याचे वायू सोडणेही देहधर्माइतके अपरिहार्य वाटू लागते. 'फ्ल्यू गॅस डिसल्फरायझेशन' ह्या लांबलचक नावाला मराठीत अद्याप सुटसुटीत प्रतिशब्द नाही, 'एफ.जी.डी.' ही अक्षरेच चालतात. उपद्रवाला मराठी नाव आहे, निवारणाला नाही, ही स्थिती परिभाषाकारांना भूषणावह म्हणता येत नाही.

त्या यंत्रणेत घडते ते असे. चुनखडीची पूड कालवलेले पाणी धूरवायूवर फवारले जाते. सल्फर डायऑक्साइड त्यात शोषले जाते, हवा फुंकून त्याचे ऑक्सिडीकरण करतात, आणि तळाशी कॅल्शियम सल्फेट साचते. वायूतील नऊ-दशांशाहून अधिक गंधक अशा रीतीने अडविता येतो. म्हणजे गंधकाचे सल्फेट होणे येथेही चुकत नाही; फक्त ते आकाशात होण्याऐवजी टाकीत होते आणि श्वासात जाण्याऐवजी पोत्यात भरले जाते. ह्या कॅल्शियम सल्फेटला मराठीत जुने नाव आहे, चिरोडी. सिमेंटच्या कारखान्यांना ती लागते, आणि ती वजनावर विकली जाते.